मिठाच्या मडक्यातल्या अकरा पुड्या

त्र्यंबकराव : …तसं नाही चालायचं. घर तुझं, मडकं तुझं, आणि आतला माल तेवढा तुझा नाही म्हणालीस तर मामलेदार हसतील.

रखमाबाई : हसू दे, वकीलसायेब. घर माझा, मडका माझा, मडक्यातला मीठपन माझा. अफू नाय माझी.

त्र्यंबकराव : सगळे आरोपी हेच सांगतात.

उत्तराअक्का : सगळे आरोपी दहा वर्षं आपल्या दारात मीठ घालत नाहीत, त्र्यंबक. पायलीवर मूठभर वर तर मुळीच घालत नाहीत. रखमा, वर येऊन बस. पायरीवर ऊन आलंय.

रखमाबाई : इथंच बरी हाय मी, अक्का.

त्र्यंबकराव : अक्का, तू आत जातेस का? पक्षकाराशी बोलतोय मी.

उत्तराअक्का : बोल की. मी वाती वळतेय, त्यांना कान नसतात. तिला तुझ्याकडे मी आणलं. तिच्या भावाला, गोपीनाथाला, जामीन कसा राहायचा तेही मीच समजावलं. तू तेव्हा भिवंडीला दुसऱ्या कुणाचं तरी शेत वाचवत होतास. आता त्याच्या सख्ख्या बहिणीला आत घालवू नकोस.

त्र्यंबकराव : बरं, बस. पण मधे बोलू नकोस. रखमाबाई, परवा कल्याणास खटला आहे. मला सगळं पहिल्यापासून कळलं पाहिजे. झडती कधी झाली?

रखमाबाई : सोमवारी. ऊन चढला व्हता. बाया समद्या आगरावर, मीठ वढाला. मी त्यांचे पोराना झोल्यांन घालून बसली व्हती. तवा महिपत आला.

त्र्यंबकराव : महिपत कोण?

रखमाबाई : कल्यानात सरकारी परवान्याचा अफूचा दुकान हाय ना, तिथला नोकर. त्याच्यासंगं अबकारीचा नाईक नि दोन शिपाय. नाईक बोलला, तुझे घराची झडती घ्याची. मी बोलली, घे, घरान दोन कांबली नि एक कोंबडी हाय.

उत्तराअक्का : कोंबडीची घेतली का झडती?

रखमाबाई : कोंबडी खुराड्यासकट उचलून बघितली, अक्का, खोटा नाय सांगत. मंग चुलीची राख उकरली. मंग मिठाचा मडका पालथा घातला. समदा मीठ भुईवर. पुड्या निंगाल्या तवा महिपत असा हसला, जसा काय त्याचेच बापाचा धन सापडला.

त्र्यंबकराव : किती पुड्या?

रखमाबाई : अकरा.

त्र्यंबकराव : वजन कुणी केलं? पंच होते?

रखमाबाई : पंच कसले. महिपतचेच पिशवीन तराजू व्हता. पानासकट तोलल्या, धाग्यासकट तोलल्या. मी बोलली, अरं बाबा, मिठात राहून पाना वली झालीत, पान्याचा वजन तरी सोड. नाईक बोलला, तू गप.

त्र्यंबकराव : हे चांगलं सांगितलंस. हे उपयोगी आहे. पण पानं, धागे, ओल, सगळं वजा केलं तरी हद्दीच्या तिप्पट भरते. कागदावर तर चौपट लिहिलंय.

रखमाबाई : कसली हद?

त्र्यंबकराव : हे बघ, नीट ऐक. सहा वर्षांमागं सरकारनं अफूचा कायदा केला. अफू पिकवायची सरकारच्या हुकमानं, विकायची सरकारच्या परवान्यानं. तुला-मला विकत घेता येते, पण एका माणसानं किती जवळ ठेवायची त्याला हद्द ठरलेली. हद्दीच्या वर जवळ सापडली की गुन्हा. वर्षापर्यंत कैद, नाहीतर हजारापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही.

रखमाबाई : पन मी ती त्याच दुकानातून आनली. सरकारचेच. चोरून नाय आनली. महिपतनीच तोलून दिली.

त्र्यंबकराव : एका दिवशी एवढी?

रखमाबाई : नाय. दिवालीपासून थोडी थोडी. बाजारचे दिवशी.

त्र्यंबकराव : तेच तर. त्यानं प्रत्येक वेळी हद्दीच्या आत विकली, म्हणून तो निर्दोष. तुझ्याकडे ती साठली, म्हणून तू दोषी.

उत्तराअक्का : म्हणजे दहा वेळा वाढणारा पुण्यवान, आणि ताटात साठलं म्हणून जेवणारा चोर.

त्र्यंबकराव : अक्का.

उत्तराअक्का : मी वातीशी बोलले. पण मला एक सांग, ज्यानं विकली त्यानंच चुगली का करावी? गिऱ्हाईक चांगलं होतं की.

रखमाबाई : त्याला वाटला मी गावान दुकान लावला. एकटी बाय एवढी अफू नेते, म्हंजे इकत असंल. नि मालाचा इनाम भेटतो ना पकडून देनाऱ्याला.

त्र्यंबकराव : मिळतो. दंडातून खबऱ्याला वाटा देण्याची तजवीज आहे.

उत्तराअक्का : विकताना नफा, पकडून देताना इनाम. त्र्यंबक, तुझं ते कायद्याचं मराठी पुस्तक मी दोनदा वाचलंय. पहिल्यांदा समजलं नाही. दुसऱ्यांदा समजलं, म्हणून दुपारची झोप उडाली. त्यात लिहिलंय, आरोपीला समाधानकारक खुलासा देता आला नाही तर माल गुन्ह्याचाच समजावा. म्हणजे हिनं काय केलं ते सरकारनं दाखवायचं नाही. हिनं काय केलं नाही ते हिनं दाखवायचं.

त्र्यंबकराव : या कायद्यात तसंच आहे.

उत्तराअक्का : मग हा कायदा कुणा सासूनं केलेला दिसतो.

रखमाबाई : माझी सासू बरी व्हती, अक्का. ती विचारी तरी.

त्र्यंबकराव : तुम्ही दोघी मला काम करू द्याल का? कायद्याला मालकाशी कर्तव्य नाही. ती कुणी विकत घेतली, कुणाच्या पैशानं घेतली, हे तो विचारत नाही. कुणाच्या ताब्यात सापडली एवढंच विचारतो.

उत्तराअक्का : असं होय. मग नानाकाकांच्या डबीचं काय?

त्र्यंबकराव : तिचा इथं काय संबंध?

उत्तराअक्का : माजघरातल्या फडताळात पितळी डबी आहे. नाना रोज संध्याकाळी दुधातून वाटाण्याएवढी घेतात आणि आरतीच्या आधी घोरतात. मागच्या दिवाळीला तू त्यांना वर्षाची बेगमी आणून दिलीस. रोज रोज कोण दुकानाची पायरी चढणार, वकिलाला शोभत नाही, म्हणालास. ती तोलू का? तराजू आहे घरात.

त्र्यंबकराव : ते औषध आहे. त्यांचे गुडघे…

उत्तराअक्का : वैद्याची चिठ्ठी आहे? नाही ना? फडताळाची किल्ली माझ्या कनवटीला असते. म्हणजे खाणारे नाना, आणणारा तू, आणि ताबा माझा. नाईकाला बोलाव, कोंबडी आपल्याकडे नाही पण मांजर उचलून बघेल.

त्र्यंबकराव : अक्का, नाईक या घरात येणार नाही. तुला ठाऊक आहे.

उत्तराअक्का : ठाऊक आहे. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. नाशकाहून येताना कल्याणला आपली गाडी तासभर खोळंबली होती, आठवतं? शेजारच्या रुळांवर माळव्याच्या अफूच्या पेट्या. डब्यामागून डबे. तूच दाखवल्यास, ही सगळी मुंबईला जाते, तिथून जहाजानं चीनला. तेव्हा कुठली हद्द होती रे?

त्र्यंबकराव : त्यांच्यावर पास असतो.

उत्तराअक्का : हां. हिच्या मडक्यावर पास नव्हता.

त्र्यंबकराव : तुझा संताप खोटा नाही, पण तो मला मामलेदारांपुढं ठेवता येत नाही. त्यांच्यापुढं खुलासा ठेवावा लागेल. रखमाबाई, ती अफू तुझी नाही म्हणतेस. मग कुणाची?

रखमाबाई : बायांची. आगरावरचे बायांची. अकरा बायांच्या अकरा पुड्या.

त्र्यंबकराव : त्यांना कशाला लागते अफू?

उत्तराअक्का : बाळगोळीला. तुलाही देत असत. म्हणून तू इतका शांत.

रखमाबाई : वकीलसायेब, आगरावर झाड नाय, सावली नाय. पायाखाली खारा पानी, वर ऊन. अंगावरचा पोर बांधावर ठेवला नि तो रडला, की आई दांडा टाकून धावते. मुकादम दोनदा बघतो, तिसऱ्यांदा बोलतो, घरी जा. म्हून पोराला सकालीच गोली द्याची, तो सांजपर्यंत निजतो. माझी आई गोल्या करी, मी करते. बाया अफू घेऊन माझ्याकडं येत. मंग मी बोलली, तुमी नका जाऊ दुकानान, मीच आनते समद्यांची.

त्र्यंबकराव : हे उत्तम. मग काम सोपं आहे. अकरा बायका कल्याणास येतील, प्रत्येक जण सांगेल, ही पुडी माझी, हिनं माझ्यासाठी आणली. प्रत्येकीच्या वाट्याला हद्दीच्या आतच येते. खात्रीचा बचाव नव्हे, पण मामलेदार सज्जन आहेत, थोडक्यात सोडतील. पुडी कुणाची कुठली ते सांगता येईल?

रखमाबाई : सांगता येल. जिच्या लुगड्याचा धागा तिची पुडी. बारकूचे आईचा हिरवा, तुलशीचा लाल…

त्र्यंबकराव : वा. याहून चांगला पुरावा नाही. नावं सांग, लिहून घेतो.

रखमाबाई : नाय.

त्र्यंबकराव : काय नाय?

रखमाबाई : बायाना नाय बोलवाचा.

त्र्यंबकराव : अगं, त्यांच्यावर काही येणार नाही. मी हमी देतो.

रखमाबाई : येल नायतर नाय येल. पुड्या त्यांचे समोर सोडाच्या नाय.

त्र्यंबकराव : तू कैदेत जायला निघालीस आणि त्यांची एक दिवसाची मजुरी वाचवतेस? अशानं मी काय…

उत्तराअक्का : थांब, त्र्यंबक. रखमा, माझ्याकडे बघ. पुड्या दिवाळीपासून साठल्या म्हणालीस ना?

रखमाबाई : हां.

उत्तराअक्का : आणि आता चैत्र. दिवाळीपासून अकरा पोरं रोज गोळी खातात.

रखमाबाई : हां.

उत्तराअक्का : मग पुड्या भरलेल्या कशा?

(रखमाबाई पदरानं पायरीवरची धूळ पुसते.)

उत्तराअक्का : रखमा, त्या गोळ्यांत काय घालत होतीस?

रखमाबाई : गूल. नि वावडिंग.

उत्तराअक्का : आणि?

रखमाबाई : नि काय नाय.

त्र्यंबकराव : म्हणजे… अफू नाहीच?

रखमाबाई : नाय. कडू लागाला पायजे म्हून कडुलिंबाचा पाला जरासा. बाया चाखून बघतात.

त्र्यंबकराव : पण का?

रखमाबाई : मागले सालचे शिमग्याला आगरावर शालूचा पोर निजला तो उठला नाय. गोली माझीच व्हती. शालूनी एकाचे दोन दिल्या, तो रडाचा थांबत नव्हता नि मुकादम बांधावर उभा. पन गोली माझे हाताची. मी त्याचा जन्माचा नाल कापला नि मीच… सांजचे शालूनी त्याला उचलला तवा त्याचे तोंडावर मिठाची कणी व्हती. ती तिनी बोटानी पुसली. तो निजलाय असाच पुसली.

उत्तराअक्का : अगं बाई.

रखमाबाई : तवापासून बायांची पोरां मीच घरी सांभालते, नि गोलीतली अफू हलूहलू कमी केली. एकदम सोडली तं पोरां तलमलतात, हगवन लागते, म्हून हलूहलू. दिवालीपासून कायच नाय.

त्र्यंबकराव : आणि मुलं निजतात?

रखमाबाई : रडतात. मी झोली हलवते. अकरा झोल्या एका दोरीला बांधल्यात, एक वढली की समद्या हलतात. गाना बोलते. माझा गला बसला तवा थाली वाजवते. गोलीनी पोर निजत नाय, सायेब, कोनतरी जवल बसला की निजतो. पन बाया बोलतात, रखमामावशे, गोली जोराची नाय आता, अजून घाल. नि अजून अफू देतात.

उत्तराअक्का : म्हणजे पोरं जितकी रडली तितकी तुझ्या मडक्यात अफू वाढली.

रखमाबाई : हां.

त्र्यंबकराव : पण मग बाई, ती मडक्यात ठेवलीस कशाला? खाडी तुझ्या दारात आहे. टाकून दिली असतीस तर नाईकाला कोंबडीशिवाय काही मिळालं नसतं.

रखमाबाई : खाडीन? ती माझी हाय काय टाकाला? बाया घाम गालून पैशे कमावतात. त्यांचा जिन्नस माझे हातान दिला. मी गोलीन घातला नाय ही एक लबाडी झाली. मंग फेकू पन? पोरां चालाला लागली की ज्याची त्याची पुडी परत देनार व्हती. म्हून धागे बांधले. गुंजभर हिकडची तिकडं नाय केली.

उत्तराअक्का : ऐकतोस ना, त्र्यंबक? हिनं टाकली असती तर सुटली असती. विकली असती तर महिपतसारखी इनाम घेत फिरली असती. हिनं राखली, म्हणून वर्षाची कैद. लिहून ठेव तुझ्या पुस्तकाच्या समासात.

त्र्यंबकराव : लिहितोच आहे. अक्का, हाच खुलासा आहे. याहून समाधानकारक खुलासा मी वीस वर्षांत ऐकला नाही. मुलं मरू नयेत म्हणून बाईनं अफू काढून ठेवली आणि प्रामाणिकपणानं ज्याची त्याला परत द्यायची म्हणून बांधून ठेवली. कुठला मामलेदार शिक्षा करील? रखमाबाई, हे सगळं असंच कोर्टात सांगायचं. शब्द न शब्द.

रखमाबाई : नाय सांगाचा.

त्र्यंबकराव : आता काय झालं?

रखमाबाई : कोर्टान बोललेला कल्यानच्या बाजारान कलतो, बाजारानला आगरावर कलतो. बायाना कलला की गोलीन अफू नाय, तं त्या काय करतील? उद्याच दुकानान जातील, आपापली आनतील नि अंदाजानी देतील. एखादी एकाचे दोन देल. मंग माझा सुटला काय नि नाय काय.

त्र्यंबकराव : त्यांना समजावून सांगता येईल. शालूच्या मुलाचं उदाहरण आहे.

रखमाबाई : शालूचा पोर सटवाईनी नेला असा बोलतात गावान. मीच बोलली तसा. नाय बोलली असती तं तिचे नवऱ्यानी तिला जित्ती ठेवली नसती, नि नंतर पोलीस. तुमचे कोर्टान मी एक दोरा वढला की समदा लुगडा उसवल, सायेब.

उत्तराअक्का : म्हणजे खरं सांगितलं तर पोरं मरतील आणि शालू मरेल, आणि नाही सांगितलं तर तू आत. असं कसं गं? काहीतरी वाट असेल ना? त्र्यंबक, तू वकील आहेस. शेतं वाचवतोस.

त्र्यंबकराव : बंद खोलीत मामलेदारांना एकट्याला सांगता आलं असतं तर… पण खुलासा उघड्या कोर्टातच करावा लागतो. नाईक उलटतपासणी करवील. पुड्या मेजावर मांडतील, धागे सोडतील.

रखमाबाई : तेच मना विचाराचा हाय. पुड्या सोडनारच काय?

त्र्यंबकराव : खटला चालला तर मुद्देमाल समोर आणावा लागतो.

रखमाबाई : नि नाय चालला तं?

त्र्यंबकराव : म्हणजे?

रखमाबाई : मी पयलाच बोलली, हां, केला गुन्हा. तं?

त्र्यंबकराव : तर खटला तिथंच संपतो. कबुली लिहून घेतात, शिक्षा सांगतात. पुड्यांच्या गाठोड्यावरची लाखेची मोहर बहुतेक फुटतही नाही. माल सरकारजमा होतो.

रखमाबाई : धागे कोन बघत नाय?

त्र्यंबकराव : कोणी नाही.

रखमाबाई : मंग तसाच करू.

उत्तराअक्का : रखमा, वेडी आहेस का? तुझ्या वयाला ठाण्याच्या तुरुंगात? किल्ल्याच्या त्या भिंती मी बाहेरून बघते तरी मला गारठा चढतो.

रखमाबाई : गार बरा. आगरावर ऊन हाय.

उत्तराअक्का : थट्टा करू नकोस माझ्याशी. मला राग आलाय, मला रागावू दे. महिपतवर रागावू, नाईकावर रागावू, का तुझ्यावर, हेच कळत नाही.

त्र्यंबकराव : मी दयेची विनंती करीन. वय, पहिला गुन्हा, पानांचं ओलं वजन, सगळं मांडीन. दंड झाला तर मी भरीन, त्यावर बोलायचं नाही. पण कैद झाली तर तीन महिने तरी धरून चाल. पावसापर्यंत.

रखमाबाई : पाऊस आला की आगर बंदच. बाया घरी, पोरां घरी. बरा पडला.

उत्तराअक्का : आणि तोवर? अकरा झोळ्या कोण हलवणार? गोळ्या कोण करणार? मी करून देईन गुळाच्या, पण…

रखमाबाई : तुमी नका करू, अक्का. बामनाघरची गोली बोलली तं बायाना लय जोराची वाटंल, नि माझी कोन घेनार नाय मागाहून.

उत्तराअक्का : बघा. कैदेत चाललीय आणि धंद्याची काळजी.

रखमाबाई : शालू बसंल. गूल नि वावडिंगाची रीत तिला येते. झडती झाली तवापासून तीच बसते.

उत्तराअक्का : शालूला ठाऊक आहे? गोळीत अफू नाही ते?

रखमाबाई : तिला मी पयल्यानच सांगितला. तिला नाय सांगितला तं कोनाला सांगू? तीच थाली वाजवते, माझ्याहून बरी.

त्र्यंबकराव : एक अडचण आहे. गुन्हा कबूल म्हटल्यावरही मामलेदार विचारतील, एवढी अफू कशासाठी? मी त्यांच्या जागी असतो तर विचारलंच असतं. विकायला म्हणालीस तर शिक्षा दुप्पट. बायकांची म्हणायचं नाही. मग काय सांगणार?

रखमाबाई : मी खाते.

त्र्यंबकराव : तू?

रखमाबाई : हां. म्हातारी बाय, गुडघे दुखतात, अफू खाते. सवय लागली, म्हून जास्ती आनली. लोक इस्वास ठेवतील. तुमचे नानाकाका खातात ना?

त्र्यंबकराव : मी तुझ्याकडून खोटं वदवून घेणार नाही.

रखमाबाई : तुमी नका वदवू. तुमी गप ऱ्हावा. मीच बोलते.

उत्तराअक्का : आणि गावात काय होईल, त्याचा विचार केलास? बायकांनी तुझ्याकडे अफू दिली, पोरांच्या गोळीला. तू म्हणणार मी खाते. त्या काय समजतील?

रखमाबाई : आमची खाल्ली समजतील.

उत्तराअक्का : चोर म्हणतील तुला.

रखमाबाई : हां.

उत्तराअक्का : तुला. गुंजभर हिकडची तिकडं न करणारीला.

रखमाबाई : बोलतील महिना-दोन महिने. शालू ऐकून घेल. तिचा जीव जलंल, पन तोंड उघडनार नाय, तशी आन घातलीय मी तिला. पोरां मोठी झाली की मंग बघू.

उत्तराअक्का : त्र्यंबक, तू काही बोल. तुला कायदा येतो, मला नुसता वाचता येतो.

त्र्यंबकराव : बोलण्यासारखं काही राहिलं नाही, अक्का. तिचा ताबा सरकारला दिसला. बाकीचं कुठल्या कलमात बसवू? …संध्याकाळी ती डबी काढून ठेव. नानांना उद्यापासून कमी करू. हलूहलू, कसं म्हणालीस तू, रखमाबाई?

रखमाबाई : दर आठ दिसानी जराशी. नि ते चिडले तं चिडू द्याचा. जवल बसाचा.

त्र्यंबकराव : अक्का बसेल.

उत्तराअक्का : तू बसशील. बेगमी तू आणलीस.

त्र्यंबकराव : बसेन. …हा वकीलपत्राचा कागद. मी तुझ्या वतीनं उभा राहणार एवढंच यात आहे, दुसरं काही नाही. हवं तर अक्का वाचून दाखवेल.

रखमाबाई : अक्कानी मागं वाचून दाखवला ना, गोपीनाथाचे जामिनाचा. पुरे झाला.

त्र्यंबकराव : मग इथं अंगठा कर. या फुलीच्या खाली.

रखमाबाई : थांबा, सायेब, हात पुसते. सकालचा मिठाचाच हाय, कागद वला होल.